रडवून करायचा व्यायाम आजपासून बंद

पत्र

“माझा मुलगा सोनू सहा वर्षांचा आहे. साडेसात महिन्यांचा जन्मला, बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया’ लिहून दिलंय. हात बरे चालतात, बोलायला तर थांबतच नाही. पण पाय ताठ आहेत. भिंत धरून, टाचा उचलून चालतो, गुडघे एकमेकांवर घासतात. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास पाय ओढून व्यायाम द्यायला सांगितलाय. मी पाय धरला की तो असा बोंबलतो की गल्लीतल्या बायका दारात येतात. सासूबाई म्हणतात, पोराला कशाला रडवतेस गे, तेल लावून मालिश कर, आपोआप सुटतील पाय. एक दिवस व्यायाम चुकला तर मला रात्री झोप लागत नाही. पायातला प्लास्टिकचा बूट टोचतो म्हणून माळ्यावर पडलाय. मालक बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, येतात तेव्हा रात्र झालेली असते. कुणीतरी सांगितलं, मुंबईत स्टेमसेलचं इंजेक्शन आहे, पाच-सहा लाखांत काम होतं. वाट्याला आलेलं थोडं शेत आहे, ते विकायचं मनात येतंय. पहिलीत घातलाय, पण बाई म्हणतात आईने सोबत बसायला पाहिजे. माझं चुकतंय कुठं? आणि सोनू चालेल का?
— एक आई, खानापूर तालुका, जि. बेळगाव”
(पत्र थोडं कमी करून छापलं आहे.)

उत्तर

ताई, रडारडीचे ते दोन तास आजपासून बंद करा. मी मुलांच्या फिजिओथेरपीत आहे, आळशीपणाला परवानगी देण्यासाठी हे लिहीत नाही. सोनूला व्यायाम हवाच आहे, आता देताय त्याहून जास्त हवा आहे. पण तो तुम्ही त्याच्या पायाला द्यायचा नाही, त्याने स्वतः करायचा आहे. बाकी सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी पायात काय होतंय ते समजून घ्या, कारण हे कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं. इजा पायाला झालेली नाही, मेंदूच्या एका भागाला जन्माच्या आसपास झालेली आहे, आणि ती वाढत जाणारी नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे हेच, आणि स्पास्टिक डायप्लेजिया म्हणजे त्यात मुख्यतः दोन्ही पाय ताठ. पायाच्या स्नायूंना मेंदूकडून ‘सैल हो’ हा निरोप नीट पोचत नाही, म्हणून ते आखडलेले राहतात. त्यात मूल वाढतं. हाड भराभर लांब होतं, आखडलेला स्नायू तेवढ्या वेगाने लांबत नाही. पोराची उंची वाढावी आणि विजार तीच राहावी, तसं पोटरीचं होतं आणि टाच वर ओढली जाते. म्हणून एखाद्या वर्षी सोनूची उंची एकदम वाढली आणि चाल बिघडल्यासारखी वाटली, तर तुमचा व्यायाम कमी पडला असं समजू नका. वाढीच्या काळात हे होतंच.

आता पाय ओढण्याबद्दल. हाताने अर्धा-एक मिनिट ताणून धरलेला स्नायू सोडल्यावर पुन्हा होता तिथे येतो. नुसत्या अशा ताणण्याने फार काळ टिकणारा फरक पडत नाही, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. शिवाय घाबरलेलं, रडणारं मूल स्नायू आणखी आवळतं. म्हणजे तुम्ही एका बाजूने ओढताय आणि तो दुसऱ्या बाजूने ओढतोय. यात त्याची ताकद वाढत नाही, तुमची कंबर मात्र जाते. स्नायूची लांबी टिकवायची तर त्याला रोज काही तास हलक्या ताणात राहायला मिळालं पाहिजे, आणि ते काम माळ्यावर पडलेल्या त्या बुटाचं आहे. त्याच्याकडे मी येतेच.

जुन्या समजुतीप्रमाणे ताठ पायांना ताकदीचा व्यायाम देत नसत, दिला तर ताठरपणा वाढेल अशी भीती असे. ती भीती खरी ठरली नाही. ही मुलं ताठ दिसतात पण आतून कमजोर असतात, त्यांची मांडी, कुल्ला, पोटरी सगळ्यांनाच बळ लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींच्या ज्या सूचना काढल्या, त्यात पहिल्यांदाच अपंग मुलांचा स्पष्ट विचार केला. सूचना तीच, जी शेजारच्या धडधाकट पोराला: दिवसाला सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून ३ दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी. एकदम जमणार नाही, थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यायचं असंही त्यात आहे. आणि ६० मिनिटं एका दमात करायची गरज नाही.

पण सोनू ती करणार का? त्याला स्वतःला काही हवं असेल तरच. तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की संध्याकाळी तो दाराच्या चौकटीला धरून पोरांचं क्रिकेट बघत उभा असतो, जेवायला हाक मारली तरी येत नाही. ताई, किती वेळ उभा असतो हो? तेवढा वेळ तो स्वतःच्या पायावर, स्वतःच्या मर्जीने उभा आहे आणि रडत नाही. तुमच्या घरातला सगळ्यात चांगला व्यायाम तो आहे, फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. उद्यापासून त्याला चौकटीतून अंगणात आणा. भिंतीला पाठ टेकवून किंवा एका हाताने खुंटा धरून बॅट हातात द्या, धावायला रनर द्या. गल्लीतली पोरं नियम करण्यात आपल्यापेक्षा हुशार असतात. ‘सोनूला टप्पा बॉल’, ‘सोनूचा एलबीडब्ल्यू नाही’ हे ती पाच मिनिटांत ठरवतील. पडेल, गुडघे फुटतील. फुटू देत. सगळ्यांचेच फुटतात.

आता घरातल्या उठण्या-बसण्याबद्दल. एवढा एकच व्यायाम ‘व्यायाम’ म्हणून करा, तो सगळ्यात मोलाचा आहे. एक स्टूल असं शोधा की सोनू त्यावर बसला की दोन्ही पाऊलं पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील. उंच वाटलं तर पायाखाली पाट द्या. समोर लोखंडी कपाट असेल तर त्यावर चुंबकाची चित्रं लावा, नसेल तर भिंतीवर कागद चिकटवा. चित्रं खाली त्याच्या स्टुलाशेजारच्या डब्यात, आणि लावायची जागा उभं राहिल्यावर हात पोचेल इतकी वर. उठताना पाऊलं थोडी मागे, गुडघ्यांखाली, दोन पावलांत वीतभर अंतर. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि मग वर. ही मुलं पुढे न वाकताच हाताने ओढून उठायला बघतात, तिथे लक्ष ठेवा. तुम्ही त्याच्यामागे बसा, गुडघे आत येतात तिथे बाहेरून नुसता हात लावा. उचलायचं नाही. बसताना धपकन नको, हळू. हळू बसण्यात उठण्याइतकीच ताकद लागते.

आठ-दहा वेळा करून तो दमला पाहिजे. दमत नसेल तर सोपं झालंय, स्टूल जरा खालचं घ्या. तेही सोपं झालं की पाठीवर दप्तर, दप्तरात एक पुस्तक, मग दोन. दमून थांबला, पाणी प्यायला, पुन्हा एकदा. असं दोन-तीन वेळा झालं की बास. एक दिवस आड करा. मधला दिवस स्नायूंना विसाव्याचा असतो, त्या दिवशी तुम्ही पण निवांत झोपा. दुसऱ्या दिवशी मांडी थोडी दुखली तर ते श्रमाचं दुखणं आहे. सांधा दुखत असेल, लंगडणं वाढलं असेल किंवा रात्री दुखण्याने उठत असेल तर थांबून दाखवायला न्या. ताप असेल तेव्हा सुट्टी, हे सांगायला नको. कधी झटके आले असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दिवाळीचा किल्ला मी मुद्दाम वेगळा ठेवला होता, कारण आमच्या क्षेत्रातलं कुठलंही महागडं यंत्र मला त्याच्याइतकं आवडत नाही. आपल्याकडे खानापूर काय, येळ्ळूर काय, दिवाळी आली की दर अंगणात पोरं किल्ला बांधतात. दिवाळीतच बांधायचा असा कुठे कायदा नाही, पाऊस उघडला की परड्यात सुरू करा. दगड, पोती, लाल माती. किल्ला जमिनीवर नको, सोनूच्या गुडघ्यापेक्षा थोड्या उंच कट्ट्यावर किंवा फळीवर बांधा. मग बघा काय होतं. माती लिंपायला त्याला दोन्ही गुडघ्यांवर उभं राहावं लागतं, मांड्या आणि कंबर सरळ ठेवून. कुल्ल्याच्या स्नायूंना यासारखं काम नाही. तट बांधायला एक गुडघा टेकलेला, दुसरं पाऊल पुढे. मुजरा करणारा मावळा असतो ना, तसं. थोड्या वेळाने पाय बदलायला लावा, तो आवडता पाय सोडणार नाही, पण ‘आता दुसऱ्या बाजूचा बुरूज’ म्हटलं की बदलतो. मग त्याच पुढच्या पावलावर जोर देऊन, कट्टा धरून उभं राहणं. बालेकिल्ल्यावर झेंडा लावायचा तर उभं राहून एक हात सोडावाच लागतो. आळीव पेरलं की रोज पाणी मारायला जायला लागतं. न्हाणीपासून परड्यापर्यंत भिंत धरून जायचं, तांब्या दुसऱ्या हातात. सुरुवातीला अर्धं पाणी वाटेतच सांडेल. सांडू दे. गुडघ्यांखाली मात्र जुनं पोतं घाला, खडे टोचले की मूल खेळ सोडतं.

या सगळ्यात गल्लीतली दोन पोरं लागतील. एकट्याने किल्ला होत नाही आणि एकट्याने व्यायामही फार दिवस होत नाही.

बूट. त्याला आम्ही एएफओ म्हणतो, लोक स्प्लिंट म्हणतात. टोचतो म्हणजे बहुतेक वेळा टाच खाली बसलेलीच नसते. उभ्याने किंवा पाय सरळ असताना घालायला गेलात तर पोटरी टाच वर ओढते, आणि मग सगळा भार पुढे येतो. सोनूला बसवा, गुडघा पूर्ण वाकवा, मग टाच मागे-खाली दाबून बसवा आणि घोट्यावरचा पट्टा सगळ्यात आधी आवळा. पोटरीचा नंतर. आत बिनशिवणीचा सुती मोजा, सुरकुती न पडता. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत न्या. काढल्यावर लाल डाग दिसेल. वीस मिनिटं-अर्ध्या तासात गेला तर हरकत नाही. नाही गेला, किंवा कातडी सोलली, तर बूट ज्यांनी बनवला त्यांच्याकडे परत न्या, तापवून तो भाग फुगवून देता येतो. बोटं बुटाच्या बाहेर आली असतील तर तो लहान झालाय, नवा लागेल. वाढत्या मुलाला वर्षभरात, कधी त्याआधीच, नवा लागतो. आणि नुसत्या स्प्लिंटवर फरशीवर चालवू नका, पावसाळ्यात तर अजिबात नको, सर्रकन घसरतो. वरून एक नंबर मोठा बूट हवा.

तरी टाच खाली टेकतच नसेल, गुडघा वाकवूनही, तर व्यायामाची हद्द संपली. तिथे डॉक्टर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत जाणारं प्लास्टर किंवा बोट्युलिनम नावाचं इंजेक्शन सुचवतील. त्या इंजेक्शनाला घाबरू नका, ते खरं औषध आहे, ताठ स्नायू साधारण तीन-चार महिने सैल ठेवतं. मात्र तेवढ्या काळात ताकदीचा व्यायाम आणि स्प्लिंट जोरात चालू ठेवायचं असतं, नाहीतर पैसे पाण्यात.

स्टेमसेल, म्हणजे मूळ पेशी टोचणं, ही वेगळी गोष्ट आहे. ताई, शेत विकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्टेमसेलचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारख्या मोजक्या ठिकाणीच मान्य केलेला आहे, बाकी आजारांत तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनात करता येतो. आणि अशा संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. जो सहा लाख मागतो त्याला एवढंच विचारा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. सोनूच्या कंबरेचा, म्हणजे खुब्याचा, एक्स-रे शेवटचा कधी काढला? मांड्या सतत आत ओढल्या गेल्या की खुब्याचा गोळा हळूहळू वाटीतून बाहेर सरकू शकतो. सुरुवातीला दुखत नाही, चालण्यात कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, त्यात शंभरातल्या सुमारे ३५ मुलांचे खुबे सरकलेले आढळले. सोनूसारख्या, आधार घेऊन चालणाऱ्या मुलांत शंभरात ४० च्या आसपास. वेळेत कळलं तर छोट्या शस्त्रक्रियेवर निभावतं, उशिरा कळलं तर मोठी करावी लागते, आणि व्यायामाने सरकलेला गोळा आत जात नाही. म्हणून या महिन्यात एक्स-रे, आणि पुढे सहा महिने ते वर्षभराने, हाडांचे डॉक्टर सांगतील तसा. चड्डी बदलताना मांड्या फाकत नाहीत, एक पाय आखूड दिसतो, खुब्यात दुखतं, यातलं काही जाणवलं तर महिनाही थांबू नका.

‘चालेल का?’ याला सरळ उत्तर देते. तो आजही चालतो आहे, भिंत धरून का होईना. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ६५७ मुलांना वर्षानुवर्षं मोजून जे आलेख २००२ साली मांडले गेले, त्यात दिसलं की उठणं-बसणं-चालणं यातली मोठी झेप बहुतेक मुलांची पाचव्या वर्षापर्यंत होऊन जाते. त्यामुळे सोनू पुढच्या वर्षी आधार टाकून पळू लागेल असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर त्याच्यापासून सावध राहा. पण वॉकर किंवा काठ्या घेऊन शाळेत वर्गातून वर्गात जाणं, स्वतः संडासला जाणं, दुकानातून गोळ्या आणणं हे त्याच्या आवाक्यातलं दिसतंय. वॉकर घ्याल तेव्हा मागे धरायचा घ्या, पुढे ढकलायचा नको. पुढच्यावर मूल ओणवं होतं, मागच्याने पाठ सरळ राहते. तुमच्याकडच्या चिखलाच्या वाटेला मोठी चाकं लागतील हेही बघा. लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची वापरली म्हणून चालणं विसरत नाही. जत्रेत खुर्चीतून हिंडलेला मुलगा घरी येऊन पुन्हा भिंत धरून चालतो.

मालकांना म्हणावं, रविवारी दोन तास माझे. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला जीआय पाइप आणि वेल्डिंग काही नवीन नाही. परड्यात दोन समांतर दांड्या उभ्या करून द्यायला सांगा. उंची सोनू ताठ उभा राहून हात खाली सोडेल तेव्हा मनगटाशी येईल एवढी, म्हणजे दांडी धरल्यावर कोपर थोडं वाकतं. दोन दांड्यांमधलं अंतर त्याच्या कुल्ल्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्त. वाढत्या वयाप्रमाणे वर सरकवता येईल अशी भोकं ठेवली तर उत्तम. पाइप नसेल तर बांबूही चालतो, गाठी घासून घ्या. तीन चाकी सायकल मिळाली तर पॅडलवर पाऊल बांधायला पट्टा आणि मागे टाचेला अडसर तेच लावून देतील. सायकल चालवणं हा या मुलांसाठी फार चांगला व्यायाम आहे, त्यात धाप लागते, आणि धाप लागणं हे आपल्याला हवंच आहे. तुमच्या पत्रात वडील फक्त रात्री उशिरा येतात, एवढेच आहेत. मला नाही वाटत त्यांना काही करायचं नाही. त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांची मालिश पाय ‘सोडवणार’ नाही, पण रात्री हलक्या हाताने तेल लावून पोराला झोप लागत असेल तर लावू देत. सांधे कडकड मोडायचे नाहीत, शेकायला तापलेली वीट नको, एवढं बघा. खरी अडचण वेगळी आहे. आजी त्याला कडेवर घेऊन फिरतात आणि घास भरवतात, असं तुम्हीच लिहिलंय. सहा वर्षांचं पोर कडेवर! दिवसातून दहा वेळा उचललं म्हणजे दहा वेळा उठायची, चालायची संधी गेली. पण नुसतं ‘उचलू नका’ म्हटलं तर त्यांना राग येणार. त्यांना काम द्या. त्या सोप्यात बसून सोनूला हुकूम सोडणार: माझा चष्मा आण, पानाचा डबा आण, शेंगा सोलायला बस. आणि शेंगा सोलताना पाय मागे फाकून बेडकासारखं बसला तर ओरडायचं नाही, त्याच्याखाली पाट सरकवायचा.

तुम्ही सौंदत्तीला यल्लम्माचा नवस बोललाय, जरूर फेडा. डोंगरावर दोन-चार पायऱ्या तरी त्याला कठडा धरून स्वतः चढू देत, बाकी बाप घेईल खांद्यावर.

दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल. महिन्यातून एकदा बेळगावला जाणं जमत असेल तर तेवढंही पुरतं, पण त्या फेरीचं सोनं करा. तुमच्या हातात इंग्रजीत छापलेला व्यायामाचा कागद दिला असणार आणि समजावलं कानडीत, आपल्या भागात हे नेहमीचं. लाजू नका. मोबाइल काढा, म्हणावं, सोनूला घेऊन करून दाखवा, मी शूटिंग करते. मग तुम्ही करा आणि त्यांना बघू द्या. निघताना तीन गोष्टी विचारा: या महिन्यात त्याला कुठली एक गोष्ट जमली पाहिजे, ती घरात कशी करू, आणि कशावरून कळेल की सुधारतंय. याला उत्तर न देता नुसता ‘पाय ओढत राहा’ म्हणणारा माणूस भेटला तर दुसरा शोधा. खानापूर–बेळगाव एसटीला तुम्हाला तिकीट नाही, ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेत प्रवास फुकट आहे. तालुक्याच्या बीआरसीत, म्हणजे गट साधन केंद्रात, समग्र शिक्षा अभियानातून अपंग मुलांसाठी फिजिओथेरपीची सोय असते, कुठल्या दिवशी ते शाळेतल्या बाईंना विचारायला लावा.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर पहिलं ते. ग्रामपंचायतीत अपंगांसाठी नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता असतो, पंचायतीत ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणून विचारा, फॉर्म कानडीतला असला तरी भरून देणं त्याचंच काम आहे. कार्डावर ४० टक्के किंवा जास्त आलं की महिन्याचं पेन्शन आणि बसपास यांचे दरवाजे उघडतात. सेरेब्रल पाल्सीसाठी केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात दवाखान्यात भरती न होता घेतलेल्या थेरपीचाही खर्च धरतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी भरपूर भांडून घेतलं. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघून ठेवा, उद्या कोल्हापूर-मिरजेकडे शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर चौकशीला एक ठिकाण हाताशी राहील.

शाळेतल्या बाईंना रागाने नको, पण स्पष्ट सांगा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, आणि त्याला लागेल तो आधार देणं हे शाळेचं काम आहे, आईने रोज वर्गात बसणं ही अट होऊ शकत नाही. सुरुवातीचे आठ दिवस बसा, बाईंना दाखवा: सोनूची पाऊलं जमिनीला टेकतील असं बाक, नाहीतर पायाखाली लाकडी ठोकळा. जागा दाराजवळ, म्हणजे गर्दी व्हायच्या आधी निघता येतं. प्रार्थनेला भिंतीशेजारी उभा राहील. संडासात धरायला एक दांडी. पीटीच्या तासाला त्याला वर्गात बसवून वह्या राखायला ठेवतात, ते मात्र बंद करायला सांगा. पीटी त्यालाच सगळ्यात जास्त हवी आहे.

आणि तुमची झोप. व्यायाम एक दिवस चुकला तर सोनूचं काही बिघडत नाही. पाहुणे आले, लग्न निघालं, भात लावणीला गेलात, चुकणारच. आठवड्याचा हिशेब धरा, दिवसाचा नको.

ता. क. – सासूबाईंनी शेवटी विचारलंय, तेल खोबरेल की तिळाचं? कुठलंही चालेल. फक्त स्प्लिंट घालायच्या आधी पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडा पुसा, तेलकट पाय आत सरकतो आणि टाच पुन्हा वर येते.